लोकसेवा आणि भरपाईचा प्रश्न विधानसभेत कसा न्यावा: इंदूरकर नागरिकांसाठी मार्गदर्शन

नामांतरणाचा (जमिनीच्या नोंदीत मालकाचे नाव बदलण्याचा) अर्ज मुदत उलटूनही तहसिलीत पडून आहे, गारपिटीची मदत शेजारच्या गावाला मिळाली आणि आपल्या गावाचे नाव यादीत नाही, जमीन संपादित झाली पण निवाड्यातील (भरपाई ठरवणाऱ्या आदेशातील) रकमेचा हिशेब कोणी समजावून सांगत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसे आमदारांच्या कार्यालयात जातात आणि बहुतेक वेळा एक शिफारसपत्र घेऊन परततात. त्या पत्राला कोणत्या तारखेपर्यंत आणि काय उत्तर द्यायचे, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. त्याच आमदारांनी विधानसभेत विचारलेला आणि स्वीकारला गेलेला प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने जातो. त्याचे उत्तर मंत्र्याच्या नावाने द्यावे लागते, ते छापले जाते, आणि पुढे कोणत्याही अपिलात शासनाचे स्वतःचे म्हणणे म्हणून पुढे ठेवता येते.

या मार्गाने पैसे थेट मिळत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. भरपाई देतो तो सक्षम अधिकारी किंवा न्यायालय. प्रश्नामुळे किती अर्ज आले, किती निकाली निघाले, कोणता आदेश कोणत्या तारखेला निघाला, किती रक्कम मंजूर झाली आणि किती वाटली गेली, एवढी वस्तुस्थिती शासनाकडून लेखी वदवून घेता येते. इतका मर्यादित हेतू ठेवून जो प्रश्न लिहिला जातो, तोच उपयोगी पडतो, असा माझा ठाम समज आहे.

आधी आपली फाइल पूर्ण करा

आमदारांकडे जाण्यापूर्वी अर्जदाराच्या हातात तीन गोष्टी हव्यात: अर्जाची पावती, मुदत उलटल्याचा पुरावा आणि अपील केले असल्यास त्याचा आदेश.

मध्य प्रदेशात यासाठी चांगला आधार आहे. सेवा मुदतीत मिळण्याची हमी देणारा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. मध्य प्रदेश लोक सेवाओं के प्रदान की गारंटी अधिनियम, 2010 हा कायदा त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लागू झाला. अधिसूचित सेवेसाठी लोकसेवा केंद्रात अर्ज केला की नोंदणी क्रमांक आणि सेवा मिळण्याची तारीख असलेली पावती मिळते. त्या तारखेपर्यंत काम झाले नाही किंवा अर्ज फेटाळला गेला, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील आणि त्यावरील निर्णयाने समाधान न झाल्यास 60 दिवसांच्या आत द्वितीय अपील करता येते. द्वितीय अपील अधिकारी, योग्य कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये या दराने, जास्तीत जास्त 5,000 रुपयांपर्यंत शास्ती लावू शकतो. सेवा दिलीच नसेल तर ही शास्ती 500 ते 5,000 रुपयांच्या दरम्यान असते. या शास्तीच्या रकमेतून अर्जदाराला प्रतिकर, म्हणजे भरपाई, देण्याचा आदेशही करता येतो. ही शेवटची तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते, आणि प्रश्न लिहिण्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे.

सी.एम. हेल्पलाइन 181 वर केलेली तक्रार आणि मंगळवारच्या जनसुनवाईत दिलेला अर्ज यांचे क्रमांकही फाइलमध्ये जोडावेत, परंतु ती लोकसेवा कायद्याखालील अर्जाची जागा घेत नाहीत. हेल्पलाइनवरून तक्रार बंद करण्याविषयी फोन आला, तर काम प्रत्यक्ष झाल्याखेरीज होकार देऊ नये. समाधानाच्या नोंदीसह बंद झालेली तक्रार पुढे आपल्याच विरोधात पुरावा ठरते.

माहितीच्या अधिकाराचा वापर प्रश्नाच्या आधी करावा की नंतर, असे अनेकजण विचारतात. दोन्ही वेळा करावा. आधी केलेल्या अर्जातून आदेश क्रमांक आणि तारखा मिळतात, ज्यांच्याविना प्रश्न हवेत राहतो. अर्जाचे शुल्क 10 रुपये असून उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे, म्हणून अधिवेशनाच्या किमान दोन महिने आधी ही तयारी सुरू झाली पाहिजे. उत्तर आल्यानंतर, त्यात उल्लेख झालेल्या मूळ कागदांच्या प्रती मागण्यासाठी दुसरा अर्ज करता येतो.

विषय कोणत्या सभागृहाचा आहे

हे चुकले की सगळी मेहनत वाया जाते. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. त्या मार्गाची आखणी, खर्च आणि रेल्वेने ठरवलेले धोरण हे संसदेतील प्रश्नाचे विषय आहेत. राष्ट्रीय महामार्गाचेही तसेच. भूसंपादनाचे काम राज्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे सोपवले असेल, तर त्याच्याकडे किती प्रकरणे प्रलंबित आहेत, एवढा भाग विधानसभेत विचारता येतो. लोकसभेतील प्रश्नाला साधारणतः 15 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) व 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत घेतले जातात. इंदूरकरांना संसदेची ही बाजू परकी वाटू नये. सुमित्राताई महाजन यांनी 1989 पासून 2019 पर्यंत या शहराचे प्रतिनिधित्व केले आणि शेवटची पाच वर्षे त्या लोकसभेच्या अध्यक्षा होत्या.

कचरा, नळजोडणी, गल्लीतील दिवे हे प्रथमतः महानगरपालिकेचे विषय. त्यांसाठी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकांनी निगम परिषदेत प्रश्न विचारणे अधिक योग्य. मात्र राज्य शासनाने दिलेला निधी, शासनाने मंजूर केलेली योजना किंवा शासनाकडे अडकलेली मंजुरी असा धागा असेल, तर नगरीय विकास एवं आवास विभागाला उद्देशून प्रश्न करता येतो.

प्रश्न कोण विचारणार

इंदूर जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत: इंदूर-1 ते 5, राऊ, महू, देपालपूर आणि सांवेर. आमदार मंत्री असतील, तर ते शासनाचाच भाग असल्याने प्रश्न विचारत नाहीत. 2023 च्या निवडणुकीनंतर बनलेल्या मंत्रिमंडळात इंदूर-1 आणि सांवेर येथील आमदारांचा समावेश झाला, तेव्हा या दोन क्षेत्रांतील नागरिकांसमोर हीच अडचण उभी राहिली. त्यावर तोडगा साधा आहे. आमदाराने केवळ आपल्याच मतदारसंघाविषयी विचारावे असा नियम नाही, त्यामुळे शेजारच्या किंवा अगदी दुसऱ्या जिल्ह्यातील आमदारांकडेही विषय नेता येतो.

सत्तारूढ पक्षाचे आमदार प्रश्न विचारणार नाहीत, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. त्यांच्या नावावरही प्रश्न लागतात. त्यांना अडचण वाटते ती आरोपाच्या भाषेची, म्हणून भाषा शांत ठेवावी. विरोधी आमदारांकडे जाताना उलटी काळजी घ्यावी लागते: आपल्या कागदाला सभागृहातल्या गदारोळाचे निमित्त होऊ देऊ नये. भेटीला जाताना चार ओळींचे टिपण, कागदांच्या प्रती आणि प्रश्नाचा तयार मसुदा न्यावा. आमदारांच्या स्वीय सहायकालाच बहुधा हे काम करायचे असते, तेव्हा त्याच्याशी नीट बोलणे हे आमदारांच्या भेटीइतकेच महत्त्वाचे समजावे.

वेळेबद्दल एक सूचना. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी अधिवेशने भोपाळला होतात. अधिवेशन जाहीर झाले की प्रश्नांच्या सूचना कधीपर्यंत घेतल्या जातील हेही ठरते, आणि ती तारीख बैठक सुरू होण्याच्या बरीच आधीची असते. शिवाय विभागांचे गट पाडून त्यांना उत्तराचे दिवस वाटून दिलेले असतात, त्यामुळे लहान अधिवेशनात महसूल विभागाच्या वाट्याला एखादाच दिवस येऊ शकतो. अधिवेशन सुरू झाल्यावर मसुदा घेऊन धावणाऱ्याला पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबावे लागते.

प्रश्न लिहिण्याची रीत

प्रश्न हिंदीत जातो, आणि त्याची ठेवण ठरलेली आहे: अमुक विभागाचे मंत्री हे सांगण्याची कृपा करतील काय की, असे म्हणून पुढे (क), (ख), (ग), (घ) असे भाग. मराठी घरांत वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांची कार्यालयीन हिंदी चांगली असते, तरीही आपण कल्पना आधी मराठीत नीट मांडावी आणि मग विभागाच्या परिचित शब्दांत उतरवावी, कारण नामांतरण, सीमांकन, प्रतिकर, पदाभिहित अधिकारी (सेवा देण्यासाठी नेमलेला अधिकारी) हे शब्द जसेच्या तसे वापरले तरच कारकुनाला नोंदवही सापडते.

नियम बहुतेक सभागृहांत सारखेच आहेत. प्रश्नात युक्तिवाद, निष्कर्ष, उपरोध किंवा आरोप नसावा, मत मागितलेले नसावे, व्यक्तीच्या चारित्र्यावर बोट ठेवलेले नसावे, आणि विषय न्यायप्रविष्ट नसावा. एकट्याच्या प्रकरणावरचा प्रश्न अडतो किंवा त्याला एका ओळीचे उत्तर मिळते, म्हणून आपले प्रकरण ज्या गटात बसते त्या गटाबद्दल विचारावे. आपला अर्ज त्या यादीत आपोआप येतो.

आता मुख्य गोष्ट. उत्तरे लिहिणारा विभाग पळवाटा शोधणार हे धरूनच प्रश्नाची बांधणी करावी लागते. सर्वांत घातक असतो हो-नाही पद्धतीचा पहिला भाग. ‘नामांतरणाच्या प्रकरणांत अनावश्यक विलंब होत आहे हे खरे आहे काय? असल्यास दोषी अधिकाऱ्यांवर काय कारवाई केली?’ असे विचारले की (क) चे उत्तर ‘जी नहीं’ येते, आणि पुढच्या सर्व भागांपुढे ‘शेष प्रश्न उपस्थित नहीं होता’ असे छापून मोकळे होतात. विलंब ‘अनावश्यक’ आहे की नाही हे ठरवण्याचे काम आपण विभागाकडेच दिले, तर दुसरे काय होणार? प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहील आणि आधीच्या भागाच्या होकारावर टेकणार नाही, अशी रचना करावी.

दुसरी पळवाट आपण स्वतःच उघडून देतो. संपूर्ण जिल्ह्याची दहा वर्षांची माहिती मागितली की उत्तर येते ‘जानकारी एकत्रित की जा रही है’, आणि तेही अगदी नियमात बसते. एक तहसील, दोन आर्थिक वर्षे आणि एकच सेवा, एवढ्यावर भागवावे. आवश्यक असेल तर दुसऱ्या तहसिलीचा प्रश्न दुसऱ्या आमदारांकडून लावून घ्यावा.

‘कधीपर्यंत होईल’ हा भाग लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्यावर ‘समय-सीमा बताया जाना संभव नहीं है’ हे ठरलेले वाक्य मिळते. त्याऐवजी प्रकरण सध्या कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावे. या तिन्ही गोष्टी नोंदीत असतात.

या सर्व सूचना लक्षात घेऊन लोकसेवेविषयीचा एक नमुना मसुदा असा होईल:

(क) इंदूर जिल्ह्यातील सांवेर तहसिलीत 1 एप्रिल 2024 पासून प्रश्नाच्या तारखेपर्यंत अविवादित नामांतरणाचे किती अर्ज लोकसेवा केंद्रांमार्फत प्राप्त झाले, आणि त्यांपैकी किती विहित मुदतीत व किती मुदतीनंतर निकाली निघाले? (ख) मुदतीनंतर निकाली निघालेल्या आणि प्रलंबित अर्जांची, नोंदणी क्रमांक, अर्जाची तारीख, सेवा देय होण्याची तारीख आणि विलंबाचे नोंदवलेले कारण यांसह, यादी द्यावी. (ग) याच कालावधीत या सेवेबाबत किती प्रथम व द्वितीय अपिले दाखल झाली आणि प्रत्येकात कोणत्या तारखेला आदेश झाला? (घ) द्वितीय अपिलांत किती प्रकरणांत किती शास्ती लावली, त्यांपैकी किती वसूल झाली आणि किती रक्कम अर्जदारांना प्रतिकर म्हणून प्रत्यक्ष देण्यात आली?

भाग (घ) मध्ये शून्य हे उत्तर आले तरी ते उत्तरच आहे. शेकडो अर्ज मुदतीबाहेर गेले आणि प्रतिकर कोणालाही मिळाला नाही, ही दोन वाक्ये शेजारी छापली जाणे म्हणजे कायद्याचा वापर होत नसल्याची शासनानेच दिलेली नोंद. दोष, निष्काळजीपणा असे शब्द आपल्याला लिहावेच लागत नाहीत.

तारांकित की अतारांकित, हा निर्णय आमदारांशी बोलून घ्यावा. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि पूरक प्रश्न करता येतात, पण दिवसाच्या यादीत तोंडी उत्तरासाठी 25 प्रश्न असतात आणि प्रश्नोत्तराच्या तासात तेही सगळे होतात असे नाही. उरलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी स्वरूपात छापली जातात. आकडे आणि याद्या हव्या असतील तर अतारांकित प्रश्न पुरेसा आहे. मंत्र्यांकडून आश्वासन काढून घ्यायचे असेल तरच तारांकिताचा आग्रह धरावा, आणि त्या वेळी आमदारांना दोन पूरक प्रश्न आधी लिहून द्यावेत.

भरपाईचा प्रश्न वेगळा कसा पडतो

भरपाई या एका शब्दाखाली निरनिराळे कायदे येतात, आणि कोणत्या आधारावर ती मागतो आहोत हे प्रश्नात स्पष्ट नसेल तर विभाग सोयीचा आधार निवडतो.

नैसर्गिक आपत्तीतील मदत राजस्व पुस्तक परिपत्र 6-4, म्हणजे महसूल विभागाच्या मदतविषयक परिपत्रकानुसार, मिळते. वीज पडून, बुडून किंवा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास या राज्यात वारसांना 4 लाख रुपये मिळतात. पिकांसाठी नुकसानीची टक्केवारी आणि धारणक्षेत्र यांवर रक्कम ठरते. येथे विचारायचे ते सर्वेक्षणाबद्दल: पंचनामा कोणत्या तारखेला, कोणत्या हलक्यात (पटवाऱ्याच्या कार्यक्षेत्रात), कोणत्या पथकाने केला, त्यात किती टक्के नुकसान नोंदले, आणि ग्रामपंचायतीत यादी कधी प्रसिद्ध केली. मदत का मिळाली नाही असे विचारले तर ‘पात्रता आढळली नाही’ एवढेच हाती येते. सोयाबीनच्या विम्याचा प्रश्न मात्र कृषी विभागाकडे जातो, आणि परिपत्रकाची मदत व विम्याचा दावा एकाच प्रश्नात मिसळले की दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात.

भूसंपादनासाठी 2013 चा कायदा आहे, जो 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात बाजारभावावर आधारित रक्कम, ग्रामीण भागासाठी एक ते दोन पटीपर्यंतचा गुणक, त्यावर शंभर टक्के तोषण (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम), आणि सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, यांपैकी जे आधी असेल त्या तारखेपर्यंत बाजारमूल्यावर वार्षिक 12 टक्के दराने अतिरिक्त रक्कम, अशी मांडणी आहे. ताबा घेऊनही रक्कम दिली नसेल तर पहिल्या वर्षासाठी 9 टक्के आणि त्यानंतर 15 टक्के व्याज लागते. म्हणून प्रश्नात गावाचे नाव, अधिसूचनेची आणि निवाड्याची तारीख देऊन, ताबा कधी घेतला, बाजारभाव कोणत्या आधारे ठरवला, गुणक किती लावला, व्याजाची गणना केली का आणि किती खातेदारांची रक्कम अद्याप वाटायची आहे, हे क्रमाने विचारावे. शहरातील रस्ता रुंदीकरणात बऱ्याचदा पैशांऐवजी वाढीव बांधकामक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केले जातात. तेथे कोणत्या आदेशाने काय देऊ केले आणि प्रत्यक्ष किती प्रमाणपत्रे दिली गेली, एवढेच विचारावे.

प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठासमोर असेल, तर रकमेच्या न्याय्यतेवरचा प्रश्न स्वीकारला जाणार नाही. पण शासनाच्या हातातला भाग वेगळा काढता येतो. हुकुमचंद मिलच्या कामगारांचे देणे हे या शहरातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. गिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, देणी न्यायालयात आणि अवसायकाकडे (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अडकली, आणि सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश 25 डिसेंबर 2023 रोजी सुपूर्द झाला. त्या मिलमध्ये आपल्या मराठी वस्त्यांतलीही कितीतरी माणसे कामाला होती. अशा प्रकरणात देणे किती असावे हे विचारण्यात अर्थ नसतो. शासनाने, गृहनिर्माण मंडळाने आणि महानगरपालिकेने जमिनीविषयी कोणते प्रस्ताव कोणत्या तारखेला दिले, हे विचारता येते.

उत्तर हाती आल्यावर

दिवसाची प्रश्नोत्तरी विधानसभेच्या संकेतस्थळावर मिळते. तारांकित, अतारांकितात रूपांतरित झालेले तारांकित आणि अतारांकित असे तिचे तीन भाग असतात, त्यामुळे आपला प्रश्न पहिल्या भागात दिसला नाही म्हणून निराश होऊ नये. उत्तरात ‘जानकारी परिशिष्ट अनुसार है’ असे असल्यास परिशिष्ट पाहिल्याशिवाय उत्तर वाचले असे समजू नये, कारण खरी माहिती तेथेच असते. परिशिष्ट विधानसभेच्या ग्रंथालयात ठेवल्याचे लिहिले असेल, तर आमदारांमार्फत त्याची प्रत मागवावी. ती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागावी.  

माहिती गोळा होत असल्याचे उत्तर आले असेल, तर पूर्ण उत्तर पुढे छापले गेले का हे पुढच्या अधिवेशनात तपासावे लागते. मंत्र्यांनी ‘चौकशी केली जाईल’ किंवा ‘कार्यवाही केली जाईल’ असे म्हटले असेल, तर तो विषय शासकीय आश्वासनांसंबंधीच्या समितीकडे जातो. तेथे तो नोंदला गेला का, हे आमदारांनी विचारले पाहिजे. उत्तर आपल्या कागदांशी जुळत नसेल, तर विसंगती दाखवणारे दोन स्तंभांचे टिपण करून, एकीकडे उत्तरातील वाक्य आणि दुसरीकडे आदेशाची प्रत, असे आमदारांना द्यावे. चुकीच्या किंवा अपुऱ्या उत्तराचा विषय त्यांना प्रश्न एवं संदर्भ समितीपुढे नेता येतो. ध्यानाकर्षण (लक्षवेधी सूचना), शून्यकाळातील सूचना आणि नागरिकांच्या सह्यांची याचिका हीही साधने आहेत. त्यांपैकी याचिका रस्ता, पूल, शाळा अशा सार्वजनिक कामांसाठी बरी, वैयक्तिक रकमेसाठी नाही.

या सगळ्या काळात आपल्या मुदती मात्र चालूच असतात. विधानसभेत प्रश्न प्रलंबित आहे म्हणून लोकसेवा कायद्याखालील 30 आणि 60 दिवस थांबत नाहीत. भूसंपादनाच्या निवाड्यावर हरकत घेऊन रक्कम वाढवून मागण्याचा अर्ज, खातेदार निवाड्याच्या वेळी हजर असेल तर सहा आठवड्यांत करावा लागतो. अन्यथा नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते लागू होते. पीकविम्यात स्थानिक आपत्तीची सूचना 72 तासांच्या आत द्यायची असते. अपील, अर्ज किंवा सूचना आधी दाखल करून तिची पोच फाइलमध्ये लावावी, आणि मगच प्रश्नाचा मसुदा घेऊन आमदारांकडे जावे.